पणजी, म्हापसा, वेर्णा: विखुरलेल्या सर्व्हरांच्या नोंदीसाठी टूल कसं निवडायचं

सर्व्हर दोनतीन जागी पसरले की एक्सेल पुरत नाही म्हणतात, पण खरं सांगायचं तर पुरतं, जोवर ते एकच माणूस भरतोय. पणजीचं ऑफिस, म्हापशाची ब्रांच, वेर्ण्याचं गोडाऊन, वर क्लाउडवरचे काही व्हीएम (म्हणजे भाड्याच्या आभासी मशीन), आणि फाईल चारपाच जणांच्या हातात गेली, की "फायनल", "फायनल नवीन" अशा कॉप्या फिरायला लागतात आणि वेर्ण्याच्या नेटवर्क स्विचवरून कुठली केबल कुठे गेलीय ते कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

टूल बघण्याआधी कागदावर लिहा की रात्री फोन आला तर तुम्ही काय काय विचारता. मशीन कुठल्या रॅकमध्ये (सर्व्हर बसवायच्या कपाटात), कुठल्या यूपीएसवर, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता काय, वॉरंटी आहे का, आणि त्या खोलीची चावी कोणाकडे. चावीचा प्रश्न कुठल्याच फीचर लिस्टमध्ये नसतो, पण पावसात लाइट जाऊन यूपीएस बसला की पहिला तोच येतो, म्हणून आपल्या मनाची फील्ड टाकता येतात का हे आधी बघायचं.

आता टूल. नेटबॉक्स डिजिटलओशनमध्ये तयार झालं, 2016 मध्ये ओपन सोर्स झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला, आणि साइट, रॅक, केबल, आयपी हे सगळं एकमेकांना जोडून ठेवण्यात ते पक्कं आहे. मात्र ते स्वतःहून नेटवर्क स्कॅन करत नाही, काय *असायला हवं* ते तुम्ही भरायचं, ही त्याची मुळातली भूमिका. नॉटोबॉट त्याचाच 2021 चा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून फुटलेली वेगळी शाखा, ऑटोमेशनकडे जास्त झुकलेला. जीएलपीआय उलट्या बाजूने येतं, मशीनवर एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) टाकला की रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर सगळं आपोआप येतं, सोबत तिकिटंही, म्हणजे तक्रारी-कामांच्या नोंदी. स्नाइप-आयटी चांगलं आहे पण ते लॅपटॉप कोणाला दिला त्यासाठी, रॅकसाठी नको. फक्त आयपीचा गोंधळ असेल तर पीएचपीआयपॅम बास.

माझं मत विचाराल तर सर्व्हर आणि केबल असतील तर नेटबॉक्स, पण डेमो बघून ठरवू नका, डेमोमध्ये सगळंच गोड दिसतं. एकच साइट घ्या, शक्यतो सगळ्यात घाणेरडी, आणि ती पूर्ण भरा. नेटबॉक्समध्ये डिव्हाइस टाकण्याआधी साइट, कंपनी, मॉडेल आणि रोल (त्या मशीनचं काम काय) लागतो, त्यामुळे सुरुवातीला वैताग येतो, तो यायलाच पाहिजे कारण एक्सेलमध्ये तोच एचपी तीन स्पेलिंगने लिहिलेला असतो. मॉडेलांची तयार लायब्ररी गिटहबवर आहे, हाताने टाइप करत बसू नका. मग जो तिकडे कधी गेलेला नाही अशा एखाद्याला बसवा आणि विचारा, ह्या पोर्टची केबल कुठे जाते? त्याला फोन करावा लागला तर टूल किंवा भरणं, दोन्हीपैकी काहीतरी चुकलंय. मुद्दाम वापरातला आयपी परत टाकून बघा, अडवतं का. कोणी काय बदललं ते दिसतं का तेही बघा, शेअर्ड टूलमध्ये हे नसेल तर भांडणं ठरलेली.

परमिशन साध्या ठेवा, बघायचं सगळ्यांना, बदलायचं मोजक्यांना. पासवर्ड तिथे अजिबात नको, नेटबॉक्सने स्वतःच 2021 च्या 3.0 मध्ये ते फीचर काढून टाकलं, त्यासाठी वेगळा पासवर्ड मॅनेजर.

आणि हे टूल कुठे ठेवताय? पणजीच्या त्याच रॅकमध्ये ठेवलं तर रॅक बंद पडल्यावर रॅकची माहितीपण बंद. बाहेर ठेवा, पोस्टग्रेसचा (नेटबॉक्सच्या डेटाबेसचा) डंप म्हणजे पूर्ण कॉपी रोज काढा, आणि साइटप्रमाणे सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असू दे. चवथीला अर्धी टीम गावाला असते आणि मोबाइलला रेंज नसते, तेव्हा ड्युटीवर उरलेला जो एकटा असतो त्याला हीच फाईल लागते.

भरणं चालू राहील का, याची एकच युक्ती मला चालताना दिसलीय: नोंद बदलल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही, साहेबांचं तिकीट असलं तरी. पुढे जमलं तर अन्सिबल, म्हणजे खूप मशीनवर एकदम अपडेट टाकायचं टूल, थेट नेटबॉक्समधूनच मशीनची यादी उचलतं, म्हणजे तिथे नाव नसलेल्या मशीनवर अपडेट जाणारच नाही, मग भरा भरा म्हणून कोणाच्या मागे लागावं लागत नाही.