दुखणं मनगटात, कारण माउसच्या जागेत

रोज सात-आठ तास कॉम्प्युटरवर काम. उजव्या मनगटात आधी नुसती कळ यायची, मग रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दाबली जातेय. रात्री बांधायला पट्टा दिला आणि कामाची पद्धत बदलायला सांगितलं. (बोटं बधिर होत असतील तर अंगावर काढू नका, मी तीन महिने काढले.)

मग हाताकडे नीट पाहिलं. कीबोर्डचे मागचे पाय उघडलेले, त्यामुळे पंजा सतत वर वाकलेला. मनगट टेबलाच्या धारेवर टेकलेलं, तिथे चक्क लाल वळ! आकड्यांच्या बटणांमुळे माउस वीतभर लांब, म्हणून खांदाही ताणलेला.

कीबोर्डचे पाय मिटले. आकड्यांची बटणं नसलेला छोटा कीबोर्ड घेतला. कोपर साधारण ९० अंशांत राहील इतकी खुर्ची वर केली; तळपाय अधांतरी झाले, म्हणून खाली लाकडी ठोकळा ठेवला. माउस मनगटाऐवजी कोपरापासून हलवायची सवय लागायला मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. दर अर्ध्या तासाला उठतेच.

दीड महिन्यात रात्रीची बधिरता गेली. वळही आता उठत नाही.