स्वयंचलित चाचण्यांमध्ये कॅशे कसा हाताळावा

एखादी चाचणी एकटी चालवली की उत्तीर्ण होते आणि सगळ्यांबरोबर चालवली की नापास होते, तेव्हा कोडमध्ये दोष शोधण्याआधी कॅशे, म्हणजे पुन्हा लवकर मिळावा म्हणून साठवून ठेवलेला डेटा, तपासावा. समजा, पणजीतील एखादा चमू रायबंदर–चोडण फेरीबोटीचे वेळापत्रक दाखवणारी सेवा जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहीत आहे. पहिल्या चाचणीत फेरीची वेळ बदलली आणि बदललेले वेळापत्रक कॅशेत जाऊन बसले. चाचणी संपताच रोलबॅकमुळे, म्हणजे केलेले बदल मागे घेतल्यामुळे, डेटाबेस पूर्ववत झाला. कॅशे ज्यात ठेवला होता त्या रेडिस या सर्व्हरमधली नोंद मात्र तशीच राहिली आणि पुढच्या चाचणीला तीच चुकीची वेळ मिळाली. जँगोचा टेस्ट रनर (चाचण्या चालवणारे साधन) चाचण्यांसाठी वेगळा डेटाबेस उभारतो, वेगळा कॅशे उभारत नाही, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

म्हणून चाचण्यांच्या सेटिंग्जमध्ये कॅशे स्वतंत्र द्यावा. बहुतेक चाचण्यांना प्रोसेसच्या स्मृतीत राहणारा, जँगोसोबतच येणारा लोकमेम कॅशे पुरतो. तो प्रत्येक चाचणीच्या आधी, म्हणजे सेटअपमध्ये रिकामा करावा. शेवटी साफसफाई करण्यावर विसंबल्यास, प्रोसेस मध्येच बंद पडली तर ती साफसफाई राहून जाते. रेडिसच वापरायचा असेल तर फक्त निवडलेला डेटाबेस पुसणारी फ्लशडीबी ही आज्ञा द्यावी. फ्लशऑल कटाक्षाने टाळावी, कारण ती त्या सर्व्हरवरील सर्वच डेटाबेस पुसते. चाचण्या समांतर चालत असतील तर प्रत्येक वर्करला (चाचण्यांचा एक वाटा चालवणाऱ्या प्रोसेसला) रेडिसचा वेगळा डेटाबेस क्रमांक द्यावा (मूळ रचनेत 0 ते 15 असे 16 उपलब्ध असतात). केवळ कीचा (नोंदीच्या नावाचा) उपसर्ग बदलून भागत नाही, कारण एका वर्करच्या फ्लशडीबीने दुसऱ्याच्या नोंदीही जातात. पायथनच्या एलआरयू कॅशेने (फंक्शनची उत्तरे स्मृतीत ठेवणाऱ्या डेकोरेटरने) सजवलेली फंक्शने या साफसफाईत येत नाहीत, त्यांचे कॅशे-क्लिअर वेगळे बोलवावे लागते.

कॅशे सरसकट बंद करून चाचण्या हिरव्या (उत्तीर्ण) करणे मला धोक्याचे वाटते. जुनी नोंद वेळेवर न पुसली जाणे हाच कॅशेचा खरा दोष, आणि तो अशा वेळी नेमका नजरेतून निसटतो. त्याची झळ धक्क्यावर उभ्या प्रवाशाला बसते. त्यासाठी स्वतंत्र चाचणी लिहावी: वेळापत्रक एकदा वाचावे, पुन्हा वाचताना डेटाबेसला एकही क्वेरी जात नाही हे जँगोच्या असर्ट-नम-क्वेरीजने (क्वेरी मोजणाऱ्या तपासणीने) पडताळावे, मग फेरीची वेळ बदलून तिसऱ्या वाचनात नवी वेळच येते याची खात्री करावी.

कॅशेतील नोंदीची मुदत संपण्याची चाचणी घेताना स्लीप घालून थांबू नये. लोकमेम पायथनचे घड्याळ पाहतो, त्यामुळे फ्रीझगन या पायथन लायब्ररीने वेळ पुढे सरकवता येते. रेडिस स्वतःच्या सर्व्हरचे घड्याळ पाहतो, तेथे ही युक्ती चालत नाही. रेडिसच्या टीटीएल आज्ञेने नोंदीच्या मुदतीचे उरलेले सेकंद तपासणे पुरते.

सीआयमधील (कोडमधील प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतील) पॅकेजांचा कॅशे वेगळा विषय आहे. त्याची की लॉक फाइलच्या (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीच्या) हॅशवरून बनवली म्हणजे झाले.

एवढे केल्यावर चाचण्या यादृच्छिक क्रमाने चालवाव्यात. त्यासाठी पायटेस्ट या चाचणी साधनाचे पायटेस्ट-रँडमली हे प्लगइन आहे. नापास झालेल्या वेळचा सीड (यादृच्छिक क्रम ठरवणारा आकडा) टिपून ठेवावा, म्हणजे तोच क्रम पुन्हा चालवून आधीच्या कोणत्या चाचणीने नोंद मागे सोडली ते शोधता येते.