शाळेआधी चित्रपुस्तक वाचताय? या चुका टाळा

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि कोल्हापुरात साधारण तेव्हाच पाऊसही. नवं दप्तर, नवा रेनकोट, रिक्षाला प्लॅस्टिकचा पडदा आणि त्याच्या आड भोकाड पसरलेलं पोर. यावर उपाय म्हणून हल्ली बरेच आईबाप शाळेच्या पहिल्या दिवसाचं चित्रपुस्तक आणतात. चांगलंच आहे. तरीही रडारड थांबली नाही, तर पुस्तकाला बोल लावण्याआधी आपण ते वाचलं कसं ते बघा.

पुष्कळदा ते आदल्या रात्री वाचलेलं असतं. दप्तर भरून झालं, गणवेश खुंटीला लागला आणि आता आई अचानक शाळेची गोष्ट सांगतेय म्हटल्यावर पोराला कळतंच की काहीतरी शिजतंय. मे महिन्यातच सुरुवात करा आणि हत्ती-सशाच्या गोष्टींत हीही एक असू द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते. "बघ, ही मुलगी कशी रडत नाही! शहाणी हाय की नाही?" यातून मूल एवढंच शिकतं की भीती वाटली तर सांगायची नाही. म्हणून ज्यात कुणी रडतंय, आईच्या ओढणीमागं लपतंय, असंच पुस्तक निवडा. शेवटी आई न्यायला आलेली दिसली पाहिजे, हे मात्र दुकानातच तपासा. वर्गाच्या चित्रावर बोट ठेवून मूल विचारतं, "हिची आई कुठाय?" त्यावर "घरी गेली" एवढंच सांगून पान उलटू नका. "या पानावर नाही, पुढं येतीया बघ," म्हणा आणि पानं त्यालाच उलटू द्या. आई सापडली की बहुतेक मुलं परत मागं जातात, पुन्हा शोधतात. कंटाळा आला तरी करू द्या. आई दिसेनाशी होते आणि परत येते, याचीच ती तालीम असते.

"हा रंग कुठला? बाकं मोज बघू," हे नको. परीक्षा पुढं आहेतच. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी गोष्ट घरच्या बोलीतच सांगा.

पुस्तकातली शाळा आपल्या शाळेसारखी नसते, ही अडचण खरी. पिवळी बस, रंगीत लॉकर बघून आलेलं पोर गल्लीतल्या शाळेत गोंधळतं. स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. त्यातल्या शाळा बऱ्याचदा ओळखीच्या वाटतात. त्याहून बरं म्हणजे घरीच एक पुस्तक करा. रंकाळ्यावर फिरायला निघालात की वाटेत शाळेपाशी थांबा. फाटक, चपला काढायची जागा, पाण्याचा नळ यांचे फोटो शाळेला विचारून काढा, छापून वहीत चिकटवा. स्वच्छतागृहाचं पान विसरू नका. कित्येक मुलांची खरी धास्ती तीच असते. त्या पानावर "बाई, शूला जायचंय" हे मोठ्यानं म्हणून घ्या.

मग फाटकावर पुस्तकाला खोटं पाडू नका. "मी हितंच बसते" म्हणून गुपचूप सटकलात, की पुस्तकातल्या आईवरचाही विश्वास गेला. "दहा वाजता" किंवा "बारा वाजता" या वयात कळत नाही. "डबा खाल्ला, गाणं म्हटलं, की आजोबा येणार," असं सांगा, हात हलवा आणि निघा. आणि आजोबांना वेळेवर पाठवा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

पहिला आठवडा हसत गेला म्हणून पुस्तक माळ्यावर टाकू नका. काहींची रडारड दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, काहींची गणपतीच्या सुट्टीनंतर. मूल पुस्तक मिटून भिरकावत असेल तर जबरदस्ती नको. हाताला लागेल अशा जागी ठेवा. पण कित्येक आठवडे रडणं थांबेना, जेवण-झोप बिघडली, तर पुस्तकाच्या भरवशावर राहू नका. आधी बाईंशी बोला आणि तरी फरक नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.