ओव्हनचं तापमान, नमुन्याचं तापमान

रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी स्फोटकांच्या कामात शिरले, तेव्हा डोक्यात गणित सोपं होतं: तापलं की जास्त हळवं, म्हणजे कमी धक्क्यानंही उडणारं. पहिल्याच चाचणीत तक्त्यात ओव्हनवरचा आकडा लिहून मोकळी झाले. मॅडमनी लाल पेनानं रेघ मारली. "हे ओव्हनचं. नमुन्याचं कुठंय?" थर्मोकपलची, म्हणजे नमुन्याचं तापमान मोजणाऱ्या तारेची, नोंद काढली, तर पेलेटचा (दाबून केलेल्या स्फोटकाच्या गोळीचा) गाभा अजून बराच थंड. अख्खा रकाना खोडला.

हा हळवेपणा मोजायचा कसा, त्यासाठी नव्यांनी आधी गॅप टेस्ट समजून घ्यावी. एका बाजूला धक्का देणारं स्फोटक, दुसऱ्या बाजूला नमुना, मध्ये अ‍ॅक्रिलिकच्या चकत्या. चकती जाड, तर पलीकडे पोचणारा धक्का मवाळ. निम्म्या वेळा नमुना उडतो, निम्म्या वेळा नाही, ती जाडी आपलं माप. तापवलेला नमुना त्याहून जाड चकतीपलीकडेही उडाला, तर तो हळवा झाला.

का होतो? दाबलेल्या पेलेटमध्ये बारीक पोकळ्या असतात. धक्क्यानं त्या मिटतात आणि तिथे क्षणात प्रचंड उष्णता साठते. पदार्थ आधीच तापलेला असेल, तर पेटायला थोडंच पुरतं. शिवाय उष्णतेनं पोकळ्या नि भेगा वाढतात.

एचएमएक्स या स्फोटकाची गंमत इथेच आहे. साधारण १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे स्फटिक बीटा रूपातून डेल्टा रूपात जातात, सुमारे ७ टक्के फुगतात आणि तडकतात. डेल्टा रूप जास्त हळवं. थंड केलं म्हणून ते लगेच जुन्या रूपात येतंच असं नाही, आणि भेगा तर राहतातच. "आता गार झालंय" हे ऐकून मी आजही निवांत होत नाही. टीएटीबी हे दुसरं स्फोटक एरवी कमालीचं सोशिक, पण २५० अंशांना त्याचाही सोशिकपणा बराच उतरतो. त्याचा दाबलेला तुकडा तापवून गार केला की मूळ मापावर परतत नाही, किंचित वाढलेलाच राहतो.

पुण्यात सुतारवाडीला डीआरडीओची एचईएमआरएल ही स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. नेट किंवा गेट असलेल्यांसाठी तिथल्या जेआरएफच्या (ज्युनियर रिसर्च फेलोशिपच्या) जाहिरातींवर लक्ष ठेवा. लगेच धमाके बघायला मिळतील ही आशा मात्र सोडा. मी सुरुवातीला व्हर्नियर घेऊन पेलेटच मोजत बसायचे.

आता माझ्या वहीत प्रत्येक नमुन्याला चार रकाने असतात: गाभ्याचं तापमान, त्या तापमानाला किती वेळ ठेवला, आधीची घनता, नंतरची घनता. ओव्हनचा आकडा समासात, पेन्सिलीनं.