गिट क्लोन अर्ध्यात तुटतं, 'अर्ली ईओएफ' येतं: माझा अनुभव

गाव अंबाजोगाईजवळ, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचाच सोर्स कोड क्लोन करायला, म्हणजे सगळ्या जुन्या नोंदींसकट उतरवून घ्यायला घेतला, तर कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर 'अर्ली ईओएफ', म्हणजे डेटा पूर्ण यायच्या आधीच संपला. तुटलेलं क्लोन गिट पुढे चालू करत नाही, पुन्हा शून्यापासून. चार रात्री डोकं फिरलं.

गिटचं 'पोस्टबफर' हे सेटिंग वाढवून पाहिलं. ते पुश करताना, म्हणजे आपला कोड सर्व्हरवर पाठवताना लागतं, इथं उपयोग शून्य. पहाटे तीनला उठूनही पाहिलं. तेव्हा लाईटच गेली.

जमलं ते असं. आधी 'गिट क्लोन'ला 'डॅश डॅश डेप्थ १' लावून फक्त शेवटची कमिट (बदलाची एक नोंद) आणली. मग त्या फोल्डरात जाऊन 'गिट फेच डॅश डॅश डीपन=५००', पुन्हा पुन्हा; दर वेळी इतिहासात ५०० पायऱ्या आणखी मागे. एखादा हप्ता तुटला तर तेवढाच परत चालवायचा, आधीचं आलेलं जात नाही. थोडंच उरलं की 'गिट फेच डॅश डॅश अनशॅलो', म्हणजे उरलेला सगळा इतिहास.

एक गोम आहे: 'डेप्थ'मुळे एकच ब्रँच (कोडची एक शाखा) येते. म्हणून सगळ्या मागवायला शेवटी 'गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन', पुढे अवतरणात तारांकन, आणि साधं 'गिट फेच'. त्यानंतर 'गिट ब्रँच डॅश आर'मध्ये सगळ्या ब्रँचेस दिसल्या.