रोजच्या एसयूव्हीसाठी टायर निवडताना: हिशोब पावसाळ्याचा

टायरवर 'ऑल सीझन' किंवा 'एम प्लस एस' ही अक्षरं दिसली की सगळ्या ऋतूंची काळजी मिटली, असा समज होतो. हे शब्द बर्फ पडणाऱ्या देशांतून आलेले आहेत. 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. नक्षीची रचना तशी असली की कंपनी ही खूण स्वतःच देते, बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही. तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चित्र मात्र बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि तिथे नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडू लागतं. तिकडे राहणाऱ्यांनी हे चित्र पाहूनच टायर घ्यावा.

महाराष्ट्र-गोव्यात टायरची परीक्षा दोनदा होते, एकदा एप्रिल-मेच्या तापलेल्या काँक्रीटवर आणि मग जून ते सप्टेंबर पाण्यात. पाण्यातली परीक्षा जास्त जिवावरची. म्हणून टायर निवडताना पहिला प्रश्न हवा, की ओल्या रस्त्यावर गाडी किती लवकर थांबते. किती किलोमीटर चालेल, दिसतो कसा, हे नंतर.

आधी प्रकार ठरवा. एचटी म्हणजे डांबर-काँक्रीटसाठी, एटी म्हणजे रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी, एमटी म्हणजे चिखलासाठी. शहरात ऑफिस, शनिवार-रविवारी घाट, दिवाळीत गाव असा वापर असेल तर एचटीच घ्या. गावचा शेवटचा एक किलोमीटर मुरमाचा आहे, एवढ्यासाठी एटी घेऊ नका. एटीच्या नक्षीतले रबरी ठोकळे मोठे आणि मोकळे असल्यामुळे काँक्रीटवर घरघर वाढते, टायर जड असल्याने मायलेज घटतं आणि ओल्या डांबरावरचं ब्रेकिंग बहुतेक वेळा चांगल्या एचटीपेक्षा कमी पडतं. ज्यांना रोज शेतातून, खडीवरून जावं लागतं त्यांना एटीचा खरा उपयोग आहे, कारण त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दगडाच्या माराला जास्त टिकते. एमटी रोजच्या गाडीला लावूच नये.

आता साइज. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरची साइज आणि हवेचा दाब हाच पाया. क्रेटाच्या वरच्या मॉडेल्सना येणारा २१५/६० आर१७ ९६एच घेऊ. रुंदी २१५ मिमी. साइडवॉलची उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. रिम १७ इंच, म्हणजे ४३१.८ मिमी. दोन्ही बाजूंच्या साइडवॉल मिळवल्या की टायरचा व्यास येतो सुमारे ६९० मिमी. ९६ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ७१० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किमी वेगाची मर्यादा. भार आणि वेग या शेवटच्या दोन मर्यादा मूळ टायरपेक्षा कधीही कमी घेऊ नका. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन उन्हात निघालेल्या गाडीला कमी भाराचा टायर लावणं म्हणजे तो फुटण्याची वाट पाहणं.

'एक साइज मोठा टाका, गाडी भारदस्त दिसेल' हा सल्ला हमखास मिळतो. याच रिमवर २३५/६० बसवला तर व्यास सुमारे ७१४ मिमी होतो, म्हणजे साडेतीन टक्के वाढ. स्पीडोमीटर मूळ टायरवर १०० दाखवायचा तेव्हा गाडी १०० ने धावत असेल, तर आता ती १०३.५ ने धावेल. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. शिवाय रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे सहसा कोणी सांगत नाही. २२५/६० मध्ये व्यासाचा फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. वाढवायचंच असेल तर तिथेच थांबा, तेही रिमची रुंदी त्याला चालते का हे कंपनीच्या तक्त्यात पाहून. १८ इंची रिम आणि बारीक साइडवॉलचा मोह टाळावा. खड्ड्याचा मार झेलायला रबर कमी उरलं की आतले दोरे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो.

पाण्यातली पकड दुकानात कशी ओळखायची? अनेक टायरवर ट्रेडवेअर (झिजेला किती टिकतो), ट्रॅक्शन (पकड) आणि टेंपरेचर (उष्णता किती सोसतो) असे तीन दर्जे कोरलेले असतात. ट्रॅक्शनमध्ये एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. हा दर्जा ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ रेषेतल्या ब्रेकिंगचा आहे, वळणावरच्या पकडीचा नाही. ए किंवा एए पाहावा, टेंपरेचरही ए असावं. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीच्या ५०० ची दुसऱ्या कंपनीच्या ४०० शी तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीत मात्र फार मोठा आकडा असेल तर रबर कडक असण्याची शक्यता धरा. नक्षीत परिघावर गोल धावणाऱ्या तीन-चार रुंद, सलग खाचा हव्यात. चाकाखालचं पाणी त्यांतूनच बाहेर जातं.

हवेचा दाबही इथेच येतो. टायर पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगू लागेल याचं एक ढोबळ सूत्र आहे, मूळचं विमानांच्या टायरसाठी मांडलेलं. किलोपास्कलमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ६.३५ म्हणजे ताशी किमीमधला वेग. ३३ पीएसआयला उत्तर येतं सुमारे ९६ किमी, २६ पीएसआयला ८५. गाडीच्या झिजलेल्या टायरवर ही वेळ त्याआधीच येऊ शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारची मर्यादा १०० आहे. पाणी साचलेलं असताना तो वेग धरू नये, याचं कारण या दोन आकड्यांत आहे.

तारीख तपासल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नका. साइडवॉलवर 'डीओटी'पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हे चार अंक बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटा करूनही पाहा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षाच्या आतला चालेल. त्याहून जुना स्वस्तात मिळाला तरी सोडा. आयएसआय खूण आणि चारही टायरची तारीख जवळपास सारखी असल्याची खात्री करा. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा. जुना व्हॉल्व्ह तडकला की नव्या टायरची हवा हळूहळू जात राहते. दाबाचा सेन्सर असेल तर तो व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो, मशीनवाल्याला आधीच सांगा, नाहीतर टायर काढताना तुटतो. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर, बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. मग बॅलन्सिंग आणि चारही चाकांचं अलाइनमेंट, त्याचा छापील कागद मागा. नट एअरगनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. ब्रेकच्या डिस्कवर असमान ताण पडतो आणि रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तर हातच्या पान्याने नट सुटत नाहीत. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, वापरायला लावा. मध्यम एसयूव्हीला आकडा साधारण ११० ते १३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका मॅन्युअलमध्ये पाहा. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही. चारही चाकांना सतत ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकदम बदलावेत, कारण व्यासात फरक पडला की गिअर यंत्रणेवर ताण येतो.

पुढची काळजी सोपी आहे. पंधरा दिवसांतून एकदा, गाडी दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असताना हवा तपासा, स्टेपनीचीही. दर ८ ते १० हजार किमीला चाकांची अदलाबदल करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर त्याच बाजूला मागे, मागचे तिरके पुढे. बाणवाले टायर मात्र बाजू न बदलता फक्त पुढे-मागे करायचे. झीज काय सांगते तेही पाहा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं. जागोजागी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर तपासा. पंक्चर नक्षीच्या भागात आणि भोक ६ मिमीपर्यंत असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा असलेलं छत्रीसारखं ठिगळ) लावून घ्या. साइडवॉलचं पंक्चर काढून तो टायर वापरू नका.

खाचांमध्ये उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिमी उरलेली असते. कायदा तिथपर्यंत चालू देतो, पावसाचं पाणी देत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात खोली मोजण्याच्या पट्टीने चारही टायर तीन-तीन ठिकाणी मोजा. कुठेही ३ मिमीपेक्षा कमी भरली, किंवा सहा वर्षं उलटलेल्या टायरच्या साइडवॉलवर बारीक भेगा दिसल्या, तर पहिल्या पावसाआधी ते टायर बदला.