पीथमपूरच्या प्लांटमध्ये राउटर लावायला निघण्याआधी

प्लांट बंद असतो म्हणून ही कामं रविवारीच निघतात, तेव्हा बॅग शनिवारी रात्री भर, सकाळी इंदूरहून निघायच्या घाईत नाही. लॅपटॉप, चार्जर, स्क्रूड्रायव्हर हे काय सांगायचं. आधी कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉपवरून थेट राउटरला कमांड द्यायची केबल, आणि केबल म्हणजे नुसती ती निळी चपटी केबल नाही रे, तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो जो आताच्या लॅपटॉपला नसतोच, म्हणून यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर, आणि त्या अ‍ॅडॉप्टरचा ड्रायव्हर. ड्रायव्हर! मागच्या वेळी माझ्याकडे केबल होती, अ‍ॅडॉप्टर होता, विंडोज ड्रायव्हर नेटवर शोधत बसलं, आणि नेट येणार कुठून, नेट देणारा डबाच रॅकमधून काढून खाली ठेवलेला, मोबाइलला रेंज नाही.

तर ड्रायव्हर घरीच टाक, पेनड्राइव्हवर पण ठेव. जुन्या प्रोलिफिक चिपचे अ‍ॅडॉप्टर विंडोज 11 वर चालत नाहीत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दाखवतात. सिल्व्हर मॉलमधून नवा घेतलास तर एफटीडीआय चिपचा माग, दुकानदार ‘भिया, सब चलता है’ म्हणेल, ऐकू नको. आणि घरी राउटर नाही तर टेस्ट कसं करू, हे बहाणे नकोत. अ‍ॅडॉप्टरच्या 2 आणि 3 नंबरच्या पिना यू-पिनने जोड, पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अ‍ॅडॉप्टरचा कॉम पोर्ट उघड, स्पीड 9600, फ्लो कंट्रोल नन, आणि काहीतरी टाइप कर. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटलं तर अ‍ॅडॉप्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक, नाही उमटलं तर शनिवारीच कळलं, अजून दुकानं उघडी आहेत. राउटरला यूएसबी कन्सोल आहे म्हणून निवांत राहू नको, विंडोजवर त्यालाही बहुतेक वेगळा ड्रायव्हर लागतो.

इंटरनेट प्रोव्हायडरकडून मेलवर लिहून घे, फोनवर नाही: वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता), मास्क, गेटवे, व्हीलॅन टॅग (लाइनवरचा नेटवर्क वेगळं करणारा नंबर) आहे का, हँडऑफ, म्हणजे त्यांची लाइन आपल्या हातात येते ते टोक, कॉपर की फायबर. पिवळी पॅचकॉर्ड म्हणजे बहुतेक सिंगल मोड, मग राउटरमध्ये फायबरसाठी 1310 नॅनोमीटरचं एलएक्स मॉड्यूल हवं, मल्टिमोडचं 850 वालं एसएक्स लावून लिंक येत नाही. मॉड्यूलला एलसी टोक असतं आणि भिंतीवरच्या बॉक्सला बरेचदा एससी, म्हणून एससी-एलसी कॉर्ड सोबत ने. त्यांच्याकडे जुन्या राउटरचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) बांधलेला असेल तर तो सोडवायला माणूस लागतो, रविवारी फोन कोण उचलणार तेही विचारून ठेव.

पॉवर बघ. रॅकमधल्या यूपीएसला मागे बरेचदा सी13 सॉकेट असतात आणि राउटरसोबत येते ती आपली तीन पिनांची कॉर्ड, ती तिथे बसत नाही, सी13-सी14 कॉर्ड लागते. राउटर रॅकला कसायचे केज नट एम6, चार जास्तच घे, एक तरी रॅकच्या मागे पडतोच. अर्थिंग प्लांटच्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे.

जुना राउटर बंद करायच्या आधी ‘टर्मिनल लेंग्थ 0’ देऊन (म्हणजे दर पानाला थांबत नाही) पूर्ण ‘शो रन’, म्हणजे चालू कॉन्फिग, फाइलमध्ये काढ. कशावरून काढणार? कन्सोलवरून. बघ, परत तेच, ड्रायव्हर टाकलास ना?

नवीनवर कॉन्फिग: होस्टनेम, युजर, लांबून सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच व्हर्जन 2, टेलनेट बंद, डिफॉल्ट रूट, नॅट (आतल्या पत्त्यांना बाहेरचा पत्ता), एनटीपी (घड्याळ जुळवायला). लांबून बदल करत असशील तर आधी ‘रिलोड इन 10’, म्हणजे दहा मिनिटांत राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर येतो, सगळं नीट चाललं तर ‘रिलोड कॅन्सल’. सेव्ह कर, मग एकदा पॉवर काढून परत लाव. पिंग, व्हीपीएन, प्रिंटर, हजेरीचं मशीन. लेबलं. फोटो. गेटवर लॅपटॉपसोबत अ‍ॅडॉप्टरची पण एन्ट्री केली असेल तर दोन्हीची एन्ट्री कटवून निघ.